आतून क्रियापद, बाहेरून नाम : इंग्रजी धातुसाधितांचा आढावा

क्रियापदाचे मुख्य काम वाक्य पूर्ण करणे हे असले, तरी त्याच धातूपासून तयार झालेली काही रूपे ते काम सोडून नामाच्या, विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या जागी जाऊन बसतात, आणि तिथे बसल्यावरही आपले कर्म व आपले क्रियाविशेषण बरोबर बाळगतात. मराठी व्याकरणात अशा रूपांना धातुसाधिते किंवा कृदन्ते म्हणतात. ‘तो पत्र लिहितो’ यातील ‘लिहितो’ हे क्रियापद होय; ‘पत्र लिहिणे’, ‘पत्र लिहून’, ‘पत्र लिहिणारा’, ‘लिहिलेले पत्र’ यांतील रूपे मात्र धातुसाधिते ठरतात, कारण त्यांच्यावर वाक्य संपत नाही. पाणिनीने हाच भेद प्रत्ययांच्या पातळीवर केला होता : पुरुष आणि वचन दाखवणारे ते तिङ् प्रत्यय, आणि धातूला लागून नवा शब्द सिद्ध करणारे पण तिङ् नसलेले ते कृत् प्रत्यय. इंग्रजीत प्रत्ययांचा असा पसारा उरलेला नाही. तिथे अशा सगळ्या कामांसाठी मोजकीच रूपे शिल्लक आहेत, आणि अभ्यासकाची खरी अडचण या टंचाईतूनच सुरू होते.

इंग्रजी शालेय व्याकरणात ही रूपे तीन नावांनी ओळखली जातात. ‘टु राइट’ किंवा नुसते ‘राइट’ हे इन्फिनिटिव्ह. नामाचे काम करणारे ‘राइटिंग’ हे जेरंड. विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करणारे ‘राइटिंग’ आणि ‘रिटन’ हे अनुक्रमे वर्तमान आणि भूत पार्टिसिपल. काळ आणि पुरुष यांचे बंधन असलेली ‘राइट्स’, ‘रोट’ ही रूपे या वर्गाबाहेरची. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शॅल’ अशा साहाय्यक क्रियापदांना तर धातुसाधिते मुळीच नाहीत; म्हणूनच ‘टु कॅन’ असे म्हणता येत नाही आणि ‘टु बी एबल टु’ असा वळसा घ्यावा लागतो.

या वर्गीकरणाचा सर्वांत उपयुक्त भाग नावांमध्ये नाही, तर रूपाकडे दोन दिशांनी पाहण्याच्या सवयीत आहे. ‘रीडिंग ओल्ड लेटर्स स्लोली कॅल्म्ड हर’, म्हणजे जुनी पत्रे सावकाश वाचल्याने तिचे मन शांत झाले, हे वाक्य घ्यावे. ‘रीडिंग’च्या उजवीकडे पाहिले तर ‘ओल्ड लेटर्स’ हे कर्म कोणत्याही शब्दयोगी अव्ययाविना आलेले दिसते आणि ‘स्लोली’ हे क्रियाविशेषण दिसते. नामाला असे थेट कर्म घेता येत नाही, तेव्हा आतल्या बाजूने ‘रीडिंग’ हे क्रियापदच आहे. पण ‘कॅल्म्ड’ या क्रियापदाचा कर्ता कोण, असे विचारले तर उत्तर ‘रीडिंग’पासून ‘स्लोली’पर्यंतचा सगळा शब्दसमूह हे येते, आणि कर्त्याची जागा नामाची असते. नामत्व एकट्या शब्दाकडे नसून संपूर्ण समूहाकडे असते, ही गोष्ट शालेय प्रश्नपत्रिकांतील ‘अधोरेखित शब्द ओळखा’ या प्रकारात हमखास हरवते, कारण तिथे रेघ एकाच शब्दाखाली मारलेली असते. रेन आणि मार्टिन यांच्या भारतात सर्वत्र वापरल्या गेलेल्या पुस्तकात जेरंडला नाम आणि क्रियापद या दोहोंचे बळ असते असे सांगितले आहे. ते बरोबरच आहे, पण कोणते बळ कोणत्या दिशेने चालते हे सांगितल्याविना ती व्याख्या पाठांतरापुरतीच राहते.

एकाच ‘-इंग’ रूपाने इतकी कामे का करावीत, याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत ही कामे वेगवेगळ्या प्रत्ययांकडे होती. ‘गाणे’ या अर्थाच्या धातूचे साधे इन्फिनिटिव्ह ‘सिंगन’, ‘टो’ या अव्ययामागून येणारे त्याचे विभक्तियुक्त रूप ‘टो सिंगेन्ने’, आणि ‘गात असलेला’ या अर्थाचे पार्टिसिपल ‘सिंगेंडे’. भाववाचक नाम करण्यासाठी ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ हा निराळाच प्रत्यय होता; ‘लेओर्नुंग’ म्हणजे शिकणे, विद्या. जर्मन भाषेने ‘-एंड’ आणि ‘-उंग’ ही जोडी आजवर वेगळी ठेवली आहे. इंग्रजीत मात्र नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत शब्दान्ताचे उच्चार झिजत गेले, पार्टिसिपलचे ‘-एंडे’ दक्षिणेत ‘-इंडे’ झाले आणि पुढे ‘-इंगे’मध्ये मिसळले, उत्तरेकडच्या बोलींनी ‘-अँड’ हे रूप अधिक काळ जपले, तरी चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या लेखनात पार्टिसिपल प्रामुख्याने ‘-इंग’ याच वेशात दिसते. दोन वेगळ्या कुळांतील रूपे अशी एका छपराखाली आली, आणि मग त्यांच्यात गुणांची देवघेव सुरू झाली. मूळच्या शुद्ध नामाने पार्टिसिपलच्या सहवासात कर्म घेण्याची, क्रियाविशेषण जोडून घेण्याची आणि पुढे ‘हॅविंग रिटन’, ‘बीइंग रिटन’ अशी काळ व प्रयोग दाखवण्याची ताकद मिळवली. जेरंड हे या देवघेवीचे अपत्य होय.

या घडामोडींचे अवशेष आजच्या भाषेतही सापडतात. ‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ या वाक्यात शर्ट धुणारा नसून धुतला जाणारा आहे, तरी रूप कर्मणी नाही. मूळच्या भाववाचक नामाला कर्तरी-कर्मणी भेदाशी देणेघेणे नव्हते, त्याचा हा ठसा. मराठीतील ‘धुवायचा शर्ट’ आणि ‘शर्ट धुवायचा आहे’ हे प्रयोगही असेच उदासीन आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे म्हटले की घर बांधले जात आहे असाच अर्थ घेतला जाई. ‘इज बीइंग बिल्ट’ ही आज साधीसुधी वाटणारी रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली आणि पुढची कित्येक दशके शुद्धतावाद्यांनी ती ओबडधोबड ठरवली. आजचे विद्यार्थी प्रयोगबदलाच्या तक्त्यात जे रूप निमूटपणे भरतात, त्यावर एके काळी असा गदारोळ झाला होता.

नियम बांधणाऱ्यांचे युग अठराव्या शतकात आले. रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ सालच्या इंग्रजी व्याकरणात जेरंडच्या अर्धवट नामरूपावर आक्षेप आहे : ‘द’ हे उपपद लावायचे असेल तर पुढे ‘ऑफ’ आलेच पाहिजे, आणि एक गाळायचे असेल तर दोन्ही गाळावीत. म्हणजे ‘द रीडिंग ऑफ द लेटर’ चालेल, ‘रीडिंग द लेटर’ही चालेल, पण ‘द रीडिंग द लेटर’ हे मिश्रण चालणार नाही. लिंडली मरे यांच्या १७९५ सालच्या, शाळांतून अफाट खपलेल्या व्याकरणाने हा नियम पुढे नेला. हे मिश्रण प्रत्यक्षात त्या काळच्या चांगल्या लेखकांतही आढळत होते. तरीही हा नियम टिकला, आणि तो निव्वळ दंडेलीने टिकला असे म्हणता येणार नाही, कारण भाषा स्वतःच त्या दिशेने निघाली होती. नामाचा वेश आणि क्रियापदाचा वेश हळूहळू वेगळे होत होते. आज ‘हिज स्लो रीडिंग ऑफ द लेटर’ यात विशेषण आणि ‘ऑफ’ येतात, तर ‘हिज रीडिंग द लेटर स्लोली’ यात क्रियाविशेषण आणि थेट कर्म येते. पहिले पक्के नाम, दुसरे जेरंड. ‘स्लो’ आणि ‘स्लोली’ यांतली निवड ही अभ्यासकाच्या हातातली सर्वांत सोपी कसोटी आहे.

विसाव्या शतकात वाद षष्ठीवर आला. ‘धूम्रपान करण्याला हरकत’ या अर्थी ‘ऑब्जेक्ट टु हिज स्मोकिंग’ लिहावे की ‘ऑब्जेक्ट टु हिम स्मोकिंग’, हा तो प्रश्न. हेन्री फाउलर यांनी दुसऱ्या प्रकाराला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’, म्हणजे सांधून टाकलेले पार्टिसिपल, असे हिणवून नाव दिले आणि १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात त्याची कठोर निर्भर्त्सना केली. ‘हिम’ आणि ‘स्मोकिंग’ यांतला मुख्य शब्द कोणता हेच सांगता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्याच सुमारास मान्यवर लेखकांच्या उदाहरणांची रास पुढे मांडून या रचनेची पाठराखण केली. युक्तिवादाच्या टोकदारपणात फाउलर सरस असतील, पण निकाल येस्पर्सन यांच्या बाजूने लागला आहे. औपचारिक लेखनात सर्वनामापुरती षष्ठी अजून पसंत केली जाते, मात्र निर्जीव किंवा लांबलचक नामाला ती लावणे आज कोणालाच सुचत नाही. मराठीभाषकाला यात एक फायदा आपसूक मिळतो : ‘त्याचे असे बोलणे मला आवडले नाही’ ही षष्ठीची रचना त्याच्या तोंडी बसलेली असल्याने ‘हिज स्पीकिंग’ त्याला मुद्दाम शिकावे लागत नाही.

मग जेरंड आणि वर्तमान पार्टिसिपल ही दोन रूपे मानावीत की एकच? रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या बृहद् व्याकरणाने एका चित्रकाराच्या चित्र काढण्याभोवती रचलेली चौदा उदाहरणे ओळीने मांडली. पहिल्या टोकाला अनेकवचन होणारे निखळ नाम, शेवटच्या टोकाला ‘इज पेंटिंग’ हे चालू काळाचे क्रियापद, आणि मध्ये पायरीपायरीने बदलणारी छटा. सीमारेषा नेमकी कुठे ओढावी हे त्या ओळीतून ठरत नाही, म्हणून त्यांनी जेरंड हा शब्दच टाळून ‘-इंग पार्टिसिपल’ असे सरसकट नाव वापरले. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणाने पुढे जाऊन ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे जोडनाव स्वीकारले, कारण इंग्रजीतले एकही क्रियापद असे नाही की ज्याची ही दोन रूपे दिसायला वेगळी आहेत. शास्त्रदृष्ट्या ही भूमिका भक्कम आहे. शाळेत मात्र जुने भेद ठेवण्यात तोटा नाही, विशेषतः जिथे विद्यार्थ्याच्या मातृभाषेत ‘वाचणे’ आणि ‘वाचणारा’ ही दोन निराळी रूपे आहेत. फक्त संदिग्ध जागी एकच उत्तर बरोबर मानण्याचा हट्ट सोडायला हवा. ‘डान्सिंग टीचर’ म्हणजे नृत्यशिक्षक की नाचत असलेला शिक्षक, हे लेखनातून ठरत नाही. बोलताना पहिल्या शब्दावर जोर दिला की नृत्यशिक्षक, दुसऱ्यावर दिला की नाचणारा शिक्षक.

इन्फिनिटिव्हची गुंतागुंत वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच्या आधी येणारे ‘टु’ मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्यय होते आणि ‘टो सिंगेन्ने’चा अर्थ ‘गाण्याकडे, गाण्यासाठी’ असाच होता. कालांतराने ते झिजून नुसती खूण बनले. पण मूळचे अव्यय ‘टु’ही भाषेत राहिलेच, आणि त्या जुळ्यांमुळे ‘लुक फॉरवर्ड टु मीट यू’ ही भारतीय पत्रव्यवहारात सर्रास आढळणारी चूक घडते. इथले ‘टु’ अव्यय आहे, कारण त्यापुढे ‘युअर लेटर’ असे नाम ठेवता येते. म्हणून क्रियाही नामाच्या वेशात, ‘मीटिंग यू’ अशी, यावी लागते. ‘युज्ड टु गो’ म्हणजे पूर्वी जात असे आणि ‘युज्ड टु गोइंग’ म्हणजे जाण्याची सवय असलेला, हा भेदही याच जुळ्यांचा.

हेतू दाखवताना मराठीभाषकाची गल्लत आणखी खोलवर जाते. ‘भेटण्यासाठी आलो’ यातील ‘-साठी’ त्याला ‘फॉर’कडे ओढते आणि ‘केम फॉर मीटिंग यू’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीत एखाद्या कृतीचा हेतू ‘टु मीट’ या इन्फिनिटिव्हने सांगतात, आणि ‘फॉर’सह जेरंड वस्तूचा कायमचा उपयोग सांगण्यासाठी राखून ठेवतात : ‘ए नाइफ फॉर कटिंग ब्रेड’, पाव कापण्याची सुरी. मराठीत सुरीच्या बाबतीत षष्ठी आणि येण्याच्या बाबतीत ‘-साठी’ किंवा ‘भेटायला’ येते, म्हणजे भेद मराठीलाही ठाऊक आहे, फक्त त्याची वाटणी निराळी आहे. गंमत अशी की ‘फॉर टु’ अशी जोडी चॉसरच्या काळात शिष्टसंमत होती. प्रमाण इंग्रजीने ती नंतर टाकून दिली.

‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठा पावलेला नियम थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. त्याला इतिहासाचा आधार नाही, तर्काचाही नाही, आणि मधे शब्द न घातल्यास कित्येकदा अर्थ दुसऱ्याच क्रियापदाला चिकटतो. फाउलर यांच्यासारख्या काटेकोर माणसानेही या भीतीची थट्टाच केली आहे.

मुख्य क्रियापदामागून इन्फिनिटिव्ह घ्यावे की ‘-इंग’, हा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचे लक्षात ठेवणे आणि ‘रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे लावल्याचे आठवणे. ‘स्टॉप टु स्मोक’ म्हणजे विडी ओढण्यासाठी थांबणे आणि ‘स्टॉप स्मोकिंग’ म्हणजे ओढणे सोडणे. मराठी इथे ‘-यचे’ आणि ‘-ल्याचे’ अशी रूपे वापरून हा भेद अधिक उघडपणे दाखवते. भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी अशा जोड्यांमागे एक सूत्र पाहिले : इन्फिनिटिव्ह शक्यतेकडे बोट दाखवते, ‘-इंग’ घडलेल्या किंवा वस्तुरूप मानलेल्या क्रियेकडे. ‘होप’, ‘प्लॅन’, ‘डिसाइड’ यांच्यामागे ‘टु’ आणि ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘डिनाय’ यांच्यामागे ‘-इंग’ येते, हे त्या सूत्रात चपखल बसते. पण ‘अव्हॉइड’, ‘पोस्टपोन’, ‘सजेस्ट’, ‘रिस्क’ ही पुढे पाहणारी क्रियापदे ‘-इंग’च मागतात, आणि ‘मॅनेज टु’ तर झालेल्याच गोष्टीबद्दल बोलते. सूत्र बहुतांशी चालते, एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल. उरलेले शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात हा व्यवहार स्थिरही नाही. गेल्या तीन शतकांत ‘-इंग’ने इन्फिनिटिव्हच्या मुलखात बरीच घुसखोरी केली आहे. पूर्वी ‘अकस्टम्ड टु डू’ असे लिहीत, आज ‘अकस्टम्ड टु डूइंग’ लिहितात. भाषाशास्त्रज्ञ गुंटर रोडेनबुर्ग यांनी अशा सगळ्या बदलांना मिळून ‘ग्रेट कॉम्प्लिमेंट शिफ्ट’ असे नाव दिले आहे. जुन्या पाठ्यपुस्तकातील आणि नव्या पाठ्यपुस्तकातील याद्या जुळत नाहीत, यामागे हेही एक कारण आहे.

विशेषणाच्या जागी बसणाऱ्या भूत पार्टिसिपलमध्ये मराठी आणि इंग्रजी यांची तुलना सर्वाधिक फळते. मराठीतले ‘-लेला’ रूप विलक्षण सैल आहे. ‘लिहिलेले पत्र’ यात ते कर्माला, ‘पत्र लिहिलेला मुलगा’ यात कर्त्याला, ‘पत्र लिहिलेला कागद’ यात अधिकरणाला लागते, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. इंग्रजी ‘रिटन’ केवळ पत्राला लागू शकते. सकर्मक क्रियापदाचे भूत पार्टिसिपल नेहमी क्रिया सोसणाऱ्याकडे वळते; अकर्मकाचे ‘फॉलन लीव्ह्ज’प्रमाणे कर्त्याकडे वळते खरे, पण असे प्रयोग थोडे. ‘द अराइव्ह्ड गेस्ट्स’ चालत नाही, ‘रिसेंटली’ जोडले तर चालते. म्हणून ‘परीक्षा दिलेले विद्यार्थी’ इंग्रजीत नेताना ‘हू’ने सुरू होणारे अख्खे उपवाक्य लिहावे लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर घडलेल्या पिढ्यांना संबंधी उपवाक्यांचा इतका सराव का करावा लागला असेल, ते या एका प्रत्ययाच्या सैलपणावरून कळते. उलट दिशेची चूक ‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’ यांची. कंटाळा आणणारा तो ‘बोअरिंग’, ज्याला आला तो ‘बोअर्ड’. मराठीत कंटाळा माणसाला ‘येतो’, तो आणणाऱ्याचा उल्लेख बहुधा नसतोच, त्यामुळे ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ असे स्वतःवरच उलटणारे वाक्य तोंडून जाते.

क्रियाविशेषणाच्या जागी आलेल्या पार्टिसिपलला स्वतःचा कर्ता नसतो. तो मुख्य वाक्यातून उसना घ्यावा लागतो. हा उसना कर्ता चुकला की पार्टिसिपल लोंबकळते. ‘वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड’ या वाक्यात घरी चालत निघालेला पाऊस आहे. पाणिनीने मराठीतल्या ‘-ऊन’सारखे काम करणाऱ्या ‘क्त्वा’ प्रत्ययासाठी दोन्ही क्रियांचा कर्ता एक असण्याची अट घातली आहे, आणि इंग्रजीचा हा नियम तिच्या अगदी जवळचा आहे. मराठीने मात्र ही अट शिथिल केली : ‘घरी जाताना पाऊस लागला’ यात काहीच खटकत नाही, आणि ‘त्याला जाऊन दोन वर्षे झाली’ यात ‘-ऊन’ असूनही कर्ते भिन्न आहेत. तेव्हा मराठीभाषकाच्या इंग्रजीत लोंबकळणारी पार्टिसिपले दिसली तर तो निष्काळजीपणा नसून मातृभाषेचा सरळ अनुवाद असतो. खुद्द इंग्रजांनीही हा नियम कडकपणे पाळला आहे असे नाही. ‘हॅम्लेट’मधील भूत आपण बागेत झोपलेले असताना सर्पदंश झाल्याची अफवा सांगते, तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने झोपलेला असतो तो सर्प. कर्ता खरोखरच वेगळा ठेवायचा असेल तर इंग्रजीत ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, दे लेफ्ट’ अशी स्वतंत्र रचना आहे. शाळेत संस्कृत शिकलेल्या वाचकाला ती सति सप्तमीची बहीण म्हणून सहज ओळखता येईल.

काही पार्टिसिपले या नियमातून कायमची सुटली आहेत, कारण ती आता पार्टिसिपले उरलीच नाहीत. ‘ड्युरिंग’ हे टिकणे या अर्थाच्या ‘ड्युअर’ या लुप्त क्रियापदाचे रूप. आज ते निव्वळ अव्यय आहे. ‘कन्सर्निंग’, ‘रिगार्डिंग’, ‘पेंडिंग’ ही त्याच वाटेने गेली, ‘प्रोव्हायडेड’ तर उभयान्वयी अव्यय झाले. मराठीत ‘म्हणून’, ‘सोडून’, ‘वगळता’, ‘पाहता’ यांचा प्रवास असाच झाला आहे. ‘पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला’ या वाक्यात कोण काय म्हणाले, असे कोणी विचारत नाही. ‘कन्सिडरिंग द वेदर, द मॅच वेंट वेल’ या वाक्यालाही विचार करणारा कोण, असा प्रश्न आता कोणी टाकत नाही. ‘बेस्ड ऑन’ मात्र अजून वाटेत आहे : ‘बेस्ड ऑन द रिपोर्ट, द मीटिंग वॉज पोस्टपोन्ड’ असे वाक्य कार्यालयीन लेखनात रोज लिहिले जाते, आणि काटेकोर संपादक त्यातील पहिले दोन शब्द खोडून ‘ऑन द बेसिस ऑफ’ असे अजूनही लिहितात.